साडेचार महिन्यांच्या बाळाला 'शिकवायचं' म्हणजे नक्की काय?

झोपमोड (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

लेक साडेचार महिन्यांची. राहायला पिंपरी-चिंचवडकडे. २६ आठवड्यांची रजा आता संपत आलीये. परवा सोसायटीच्या हॉलमध्ये एका कंपनीने 'मोफत डेमो' ठेवला होता. काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांची कार्डं, एक ॲप आणि दर महिन्याला घरपोच एक खोकं. वर्षाचे १८,००० रुपये. डेमोवाल्या बाई म्हणाल्या, मेंदूची बहुतेक वाढ पहिल्या ३ वर्षांतच होते, नंतर खिडकी बंद! ऐकून पोटात गोळाच आला. जाऊबाईंनी तिथल्या तिथे पैसे भरले. नवरा म्हणतो, भरून टाक, नंतर रुखरुख नको. सासूबाई म्हणतात, पोर पोटभर पितंय, वेळेवर शी-शू करतंय, अजून काय शिकायचंय तिला?

आमचा दिवस असा: सकाळी मालिश-आंघोळीला मावशी येतात. त्यांची टकळी अखंड चालू. गल्लीतल्या भांडणापासून मेथीच्या भावापर्यंत सगळं बाळाला ऐकवतात, माझं डोकं उठतं. मग ती झोपते. दुपारी झोक्याच्या खुर्चीत ठेवून समोर टीव्हीवर रंगीत बडबडगीतं लावते. एकटक बघते, तेवढ्यात माझं जेवण होतं. (मारू नका.)

तर कार्डं घेऊ का? आणि नाही घेतली तर दिवसभर तिच्याशी करायचं तरी काय?

चहाबाज

पहिला! जाऊबाईंनी आधी पैसे भरले म्हणजे हा आता शिक्षणाचा प्रश्न राहिला नाही, इभ्रतीचा झाला. चालू द्या.

उंबरठा

पैसे भरू नका. हे आधीच लिहून टाकते, म्हणजे खालचं लांबण वाचायचा कंटाळा आला तरी चालेल.

वाचा-उपचाराचं काम करते, लहान मुलंच जास्त येतात. काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांची गोष्ट अगदीच खोटी नाही. नवजात बाळाला २०-३० सेंटिमीटरवरचं त्यातल्या त्यात नीट दिसतं आणि गडद-फिकं जिथे भेटतं तिथे नजर जाते. पण पाजताना आईचा चेहरा बरोबर तेवढ्याच अंतरावर असतो आणि त्यावर टिकली, भुवया, केसांची कड सगळं असतं. शिवाय हे कार्ड हलतं, हसतं, बोलतं. तुमची लेक साडेचार महिन्यांची आहे, तिला आता रंगही छान दिसतात. ठिपक्यांचा मोसम उलटून गेला.

आता त्या 'खिडकी'बद्दल. १९८४ साली कॅनडात जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी एक प्रयोग छापला. तो मी प्रत्येक मराठी आईला सांगते, कारण त्यात आपले 'त' आणि 'ट' आहेत. इंग्रजी बोलणाऱ्या घरांतल्या बाळांना त्यांनी हिंदीतले हे दोन आवाज ऐकवले. ६ ते ८ महिन्यांच्या बाळांना फरक कळत होता, इंग्रजी बोलणाऱ्या मोठ्या माणसांना मात्र कळत नव्हता! १०-१२ महिन्यांची होईस्तोवर बहुतेक बाळांचीही ती जाण गेली, कारण घरात तो फरक कुणी करतच नव्हतं. म्हणजे पहिल्या वर्षात बाळ नुसतं पडून नसतं, आपल्या घरात कुठले आवाज चालतात याची निवडानिवड करत असतं. तुमच्या लेकीला यासाठी काय लागेल? जेवायला बसताना 'ताट' म्हणा. त आणि ट दोन्ही आले, फुकटात.

'मग टीव्हीवरही मराठी गाणीच लावते की,' असं म्हणाल. पॅट्रिशिया कूल यांनी २००३ मध्ये सिएटलची ९ महिन्यांची बाळं घेतली. चिनी मँडरिन बोलणारी माणसं प्रत्यक्ष समोर बसून पुस्तकं-खेळणी घेऊन त्यांच्याशी बोलली, १२ बैठका. त्या बाळांना मँडरिनचे आवाज ओळखता यायला लागले. दुसऱ्या गटाला तीच माणसं, तेच बोलणं, पण पडद्यावर. त्यांच्या पदरात काहीच पडलं नाही. एकटक बघत होती, हे मात्र खरं. एकटक बघणं म्हणजे शिकणं नव्हे, एवढं कळलं की अर्धे डेमो ओस पडतील.

दिवसभर काय करायचं? तिने 'अग्गू' केलं की तुम्ही 'हो का गं? मग काय झालं?' म्हणा. आणि मग गप्प बसा. आपण मोठी माणसं इथेच चुकतो, तिची पाळी येण्याआधीच पुढचं बोलून टाकतो. दहा आकडे मोजेपर्यंत थांबा, ती उत्तर देते की नाही बघा.

आणि तुमच्या त्या मावशींना टकळी बंद करायला सांगू नका. तुमच्या न्हाणीघरात रोज अर्धा तास जो वर्ग चालतो, तो त्या कंपनीच्या खोक्यात येत नाही.

झोपमोड

बाप रे. मावशींचा वर्ग! काल त्या तिला 'बघ, तुझ्या आजीने मला काल चहात साखरच घातली नाही' असं सांगत होत्या.

उंबरठा

आणि ती काय करत होती?

झोपमोड

मावशींच्या तोंडाकडे बघत होती. पाय झाडत होती. मधूनच हुंकार.

उंबरठा

झालं तर मग.

स्पष्टवक्ता

सरसकट सगळं मोडीत काढायची इथे फॅशनच आहे. आमच्या मुलाला आम्ही पोटात असल्यापासून मोझार्ट ऐकवला, जन्मल्यावरही रोज संध्याकाळी. आज गणितात वर्गात पहिला आहे. पाश्चात्त्यांनी सिद्ध केलेलंच आहे हे.

आकडेमोड

@स्पष्टवक्ता, मुलाचं अभिनंदन, मनापासून. पण 'सिद्ध' झालं ते असं. १९९३ मध्ये कॅलिफोर्नियात कॉलेजच्या ३६ विद्यार्थ्यांना दहा मिनिटं मोझार्ट ऐकवला. कागद मनातल्या मनात दुमडण्यासारख्या कोड्यांत ते थोडा वेळ थोडे वर गेले आणि पाव तासात परत होते तिथे. बाळ एकही नव्हतं. तरी १९९८ मध्ये जॉर्जिया राज्याच्या गव्हर्नरांनी प्रत्येक नवजात बाळाला शास्त्रीय संगीत द्यायला सरकारी पैसे मागितले. संगीत ऐकवाच, पण तुम्हाला आवडतं म्हणून.

उलट बाजूने एक उदाहरण देतो, पैसे कुठे लावावेत त्याचं. जमैकात, किंग्स्टनच्या गरीब वस्त्यांमध्ये, वाढ खुंटलेली ९ ते २४ महिन्यांची १२९ मुलं. सॅली ग्रँथम-मॅकग्रेगर आणि सहकाऱ्यांनी त्यांचे गट पाडले. काहींच्या घरी दोन वर्षं दर आठवड्याला एक आरोग्यसेविका तासभर जायची. खेळणी घरच्याच टाकाऊ वस्तूंची. पण गंमत अशी की सेविका बाळाला 'शिकवायला' जात नव्हती, आईने बाळाशी कसं खेळावं-बोलावं ते आईला दाखवत होती. ही मुलं २२ वर्षांची झाल्यावर पुन्हा गाठली, तर ज्यांच्या घरी भेटी झाल्या नव्हत्या त्यांच्यापेक्षा यांची कमाई सुमारे २५ टक्के जास्त. २०१४ मध्ये छापून आलं. नमुना छोटा आहे आणि मुलं कुपोषित होती, त्यामुळे पिंपरीतल्या गुटगुटीत बाळाला तो आकडा जसाच्या तसा लावू नका. तेवढी अक्कल कंपनीवाल्यांनी वापरली असती तर हा धागा निघाला नसता.

स्पष्टवक्ता

आमचा मुलगा पहिला आला हे मात्र खरं आहे.

चहाबाज

कुणी नाही म्हणालंय का राव.

निशाचर_बाबा

न्यू जर्सीहून. मुलगा ८ महिन्यांचा. घरी मराठी, पाळणाघरात इंग्रजी. तिथल्या एकीने सांगितलं की दोन भाषांनी बाळ गोंधळतं, घरीही इंग्रजीच बोला. बायको तेव्हापासून इंग्रजी बोलते आणि आमचं घर अचानक ऑफिसच्या मीटिंगसारखं वाटायला लागलंय. शिवाय रोज रात्री सांगलीच्या आजोबांशी व्हिडिओ कॉल असतो. तोही पडदाच ना? तोही बंद करायचा का?

उंबरठा

दोन्ही प्रश्न फार चांगले. दोन भाषांनी बाळ गोंधळत नाही. मुंबईतली कितीतरी बाळं तीन भाषांत वाढतात. पुढे शब्द मोजायची वेळ आली की दोन्ही भाषांतले मिळून मोजा, एवढं लक्षात ठेवा. नाहीतर उगीच कमी वाटतात. आणि ज्या भाषेत तुम्हाला चेष्टा करता येते, रागावता येतं, लाडे लाडे बोलता येतं तीच बाळाला द्या. वहिनींना सांगा, मीटिंग बरखास्त.

आजोबांचा कॉल चालू ठेवा. अमेरिकेच्या बालरोगतज्ज्ञांची संघटना दीड वर्षाच्या आत पडदा नको म्हणते, पण व्हिडिओ कॉलला सूट देते, कारण तिकडचं माणूस बाळाकडे बघून उत्तर देतं. फक्त त्याच्या बाजूला बसा. आजोबांनी टाळ्या वाजवल्या की तुम्हीही वाजवा.

निशाचर_बाबा

आजोबा फोन कानाला लावतात. गेले ८ महिने नातू सांगलीचा एक कान बघतोय.

सत्तरीतली_तरुणी

काय गं पोरींनो, आम्ही पाच पोरं वाढवली, कार्ड नाही की ॲप नाही. पाळण्यावर चिमणाळं टांगलेलं, हातात खुळखुळा आणि घरात चार बायका. जी रिकामी असेल तिच्या मांडीवर पोर. आता तुमच्याकडे चार बायका नाहीत, एक आई आणि एक भिंत. म्हणून जड जातंय, तुमचं काही चुकत नाहीये.

एक विचारते. माझा जावई म्हणतो, बाळाशी बोबडं बोलू नका, त्याची भाषा बिघडते, मोठ्या माणसासारखं शुद्ध बोला. मला तर ते जमतच नाही. समोर एवढंसं तोंड बघून 'आपण भोजन केलेत का' म्हणू?

उंबरठा

आजी, 🙏. जावयांना अर्धे गुण. लाडात आवाज आपोआप वर जातो, स्वर लांबतात, बोलणं संथ होतं. बाळांना हेच बोलणं जास्त ऐकावंसं वाटतं, हे कितीतरी देशांत पुन्हा पुन्हा दिसलंय. लांबवलेले स्वर त्यांना नीट पकडताही येतात. फक्त शब्द खरे ठेवा. 'दूऽऽऽध हवंय माझ्या बाळाऽऽला' उत्तम. 'दुदु पायजे काय ले' रोज रोज नको, कधीमधी तोंडून निघालं तर कुणी फाशी देत नाही.

रांगोळी

बालकांची फिजिओथेरपिस्ट. सगळे तोंडाचंच बोलतायत, जरा हातापायांचंही बोलू.

झोक्याच्या खुर्चीतून तिला खाली काढा. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये वर्षाच्या आतल्या बाळांसाठी सांगितलंय: पडदा अजिबात नाही, एका वेळी तासाभराहून जास्त कुठेही अडकवून ठेवायचं नाही आणि जी अजून रांगत नाहीत त्यांना जागेपणी दिवसभरात मिळून निदान अर्धा तास पोटावर. झोपवायचं मात्र पाठीवरच. जमिनीवर सतरंजी, त्यावर चादर, बाळ पालथं आणि तुम्ही समोर पालथ्या. पहिल्यांदा एका मिनिटात रडेल. उचला, परत नंतर. मान धरणं, हातावर जोर, वळणं, सगळं इथून येतं.

वॉकर घेऊ नका, बारशाला आला असेल तर माळ्यावर टाका. कॅनडाने २००४ पासून त्याच्या विक्रीवरच बंदी घातली आहे, कारण मुलं जिन्यावरून गडगडत होती. आणि चालणं त्याने लवकर येत नाही. बाळ त्यात लोंबकळतं, तोल सांभाळायचा सरावच होत नाही. आपला लाकडी पांगुळगाडा त्यापेक्षा शहाणा: त्यात बाळाला आधी स्वतः उभं राहावं लागतं, मग तो ढकलायचा. पण तोही उभं राहायला लागल्यावर आणि कुणीतरी सोबत असताना.

'अमक्याचं सातव्या महिन्यात रांगलं' याने हवालदिल होऊ नका. याच संघटनेने पाच देशांत (आपल्याकडे दिल्लीत) बघितलं तेव्हा आधाराशिवाय बसणं ३.८ ते ९.२ महिन्यांत कधीही आलेलं दिसलं, एकट्याने चालणं ८.२ ते १७.६ मध्ये. साधारण ४ टक्के मुलं तर हातागुडघ्यांवर रांगलीच नाहीत, थेट उभी. बाळ दिवसांआधी जन्मलेलं असेल तर वय ठरलेल्या तारखेपासून मोजा.

कान_देऊन_ऐका

लिहू की नको करत होते. वरचं 'हवालदिल होऊ नका' वाचून लिहितेच.

आमची मुलगी हसरी, गुटगुटीत. चौथ्या महिन्यात छान आवाज काढायची. पुढे ते वाढले नाहीत. 'बाबाबा', 'दादादा' आलंच नाही. सासऱ्यांना शंका आली, म्हणून त्यांनी तिच्या मागे स्टीलची थाळी पाडली. ती दचकली. सगळे म्हणाले, बघा, ऐकू येतंय. आमच्या डॉक्टरांनी सांगितलं, काही मुलं उशिरा बोलतात, दोन वर्षं वाट बघा. आम्ही बघितली वाट. निदान कळलं तेव्हा ती १४ महिन्यांची होती, तेही माझी बहीण हट्टाने तपासणीला घेऊन गेली म्हणून. दोन्ही कानांनी तीव्र बहिरेपणा.

नंतर कळलं. थाळीचा हादरा फरशीतून जातो, टाळीचा वारा लागतो, सावली हलते. आणि ऐकू न येणारी बाळंसुद्धा पहिले काही महिने इतरांसारखेच आवाज काढतात, म्हणून घरच्यांना पत्ता लागत नाही. त्या १४ महिन्यांत मी तिच्याशी किती बोलले, किती गायले. ती माझ्या तोंडाकडे बघून हसायची, मला वाटायचं ऐकतेय.

कानाची तपासणी झोपलेल्या बाळावर काही मिनिटांत होते, दुखत नाही. जन्मल्यावर महिन्याभरात तपासणी, शंका आली तर तिसऱ्या महिन्यापर्यंत पक्कं निदान, सहाव्यापर्यंत उपाय सुरू, असा साधा नियम आहे. आम्हाला कुणी सांगितला नाही. @झोपमोड, तुमची फाइल काढून बघा, 'ओएई' (हीच कानाची तपासणी) लिहिलंय का. नसेल तर त्या १८,००० मधले थोडे तिकडे खर्च करा. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग संस्था आहे, जिल्हा रुग्णालयांतही सोय असते.

लेक आता पाचवीत आहे. कॉक्लिअर इम्प्लांट (शस्त्रक्रियेने कानात बसवलेलं ऐकायचं यंत्र) आहे. भांडते मराठीतच.

झोपमोड

वाचून फाइल काढली. लिहिलेलं नाही. उद्या फोन करते. तुम्ही लिहिलंत, फार बरं केलंत.

सेविका_ताई

मी अंगणवाडी सेविका आहे, सातारा जिल्हा. ताई, तुम्ही शहरातल्या, पण हक्क तुमचाही आहे. माता-बाल संरक्षण कार्ड तुमच्याकडे असेल, लस द्यायला नेता ते. त्यात कुठल्या महिन्यात बाळ काय करतं त्याची चित्रं आहेत. सगळे फक्त लसीचं पान उघडतात.

आरोग्याची टीम अंगणवाडीत वर्षातून दोनदा येते, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची. २०१३ मध्ये आपल्या पालघरातूनच सुरू झालेला. शंका असली तर तिथून जिल्ह्याला पाठवतात. आम्हाला ० ते ३ वर्षांसाठी 'आरंभ'चं प्रशिक्षण झालं, सेवाग्रामच्या वैद्यकीय संस्थेची मदत होती त्यात. पालक मेळावे घेतो. केंद्राचा 'नवचेतना' आराखडा २०२४ मध्ये आला, त्यात ३६ महिन्यांचं कॅलेंडर आणि १४० खेळ दिलेत. सगळं घरच्या सामानातलं.

मेळाव्यात मी काय करते सांगते. एक परात, त्यात वाट्या, झाकणं, डाव, फडकं. बसतं झालेलं बाळ समोर बसवायचं आणि बापाला म्हणायचं, तुम्ही फक्त बघा, ते काय उचलतं ते बोला. 'वाटी घेतलीस. वाटी आपटलीस. टण्ण!' पहिल्यांदा बाप लाजतात, इकडेतिकडे बघतात. मागच्या मेळाव्यात एक ट्रॅक्टरवाला आला होता. त्याचं पोर दहा महिन्यांचं, चमचा सारखा खाली टाकत होतं. तो चिडून म्हणाला, मुद्दाम करतंय. मी म्हटलं, हो, मुद्दामच करतंय. पडल्यावर आवाज येतो का, तुम्ही परत उचलून देता का, ते बघतंय. मग त्याने वीस वेळा उचलून दिला, मोजून. शेवटी दोघं हसत होते.

शेंगदाणे, फुटाणे, बटणं जवळ नको, तेवढं बघा.

चहाबाज

इतका वेळ चेष्टा करत होतो. हा प्रतिसाद बायकोला वाचून दाखवला. ती म्हणाली, तू किती वेळा उचलून देतोस? मी चमचाच लपवून ठेवतो.

आकडेमोड

लपवायचाच तर अर्धा लपव. फडक्याखाली ठेवायचा, दांडा बाहेर. आठ-नऊ महिन्यांचं पोर फडकं ओढून काढतं. त्याआधी बरीच बाळं वस्तू पूर्ण झाकली की शोधायचं सोडून देतात. पदराआडून 'भॉक' करतो तो खेळ याच जातीचा.

झोपमोड

आठवड्याने आलेय. सगळ्यांना वेगवेगळी उत्तरं लिहायला हात रिकामा नाही, एका हाताने टंकतेय.

कानाची तपासणी झाली. दोन्ही कान व्यवस्थित. बाहेर येऊन मी रडले, नवऱ्याला कळेना का ते. टीव्ही बंद केलाय. पहिले दोन दिवस तिने नाही, मी किरकिर केली. आता ती जेवताना माझ्या बाजूला सतरंजीवर असते आणि मी 'आईने भाजी घेतली, आई पोळी मोडतेय' असं समालोचन करते. घास गार होतो, पण होतं जेवण. पोटावर चार मिनिटांपर्यंत मजल गेलीये. तुम्ही सांगितलं तसं 'हो का गं' म्हणून थांबते. पहिल्यांदा वाटलं काही होणार नाही. सात मोजले आणि तिने असा लांबलचक हुंकार दिला की मीच दचकले.

जाऊबाईंकडे आलेलं खोकं त्यांच्या बाळाला फार आवडलंय. आतलं सामान नाही, खोकंच.

रजेनंतर सासूबाई आणि मावशी मिळून बघणार आहेत. मावशींना मी या धाग्यातलं थोडं वाचून दाखवलं. म्हटलं, तुम्ही रोज जे बोलता ना, त्याचे लोक वर्षाला १८,००० घेतात. त्यांनी तिच्या पाठीवर तेल चोळता चोळता मान वर केली. 'आणि तुम्ही मला महिन्याला किती देता?'

पुढच्या महिन्यापासून पगार वाढवलाय.

निशाचर_बाबा

आजोबांनी आज फोन समोर धरला! नातवाला अख्खा चेहरा पहिल्यांदाच दिसला, रडला.

सत्तरीतली_तरुणी

पांगुळगाडा कुठे चांगला मिळतो गं हल्ली? पणतीसाठी हवाय.

रांगोळी

सावंतवाडीला चितार आळीत विचारा, आजी. पण पणती किती महिन्यांची?

सत्तरीतली_तरुणी

अजून व्हायचीय. मार्चमध्ये.